स्वयंपाकघरातले प्लास्टिक : आधी काय बदलावे?

रानजाई (ठाणे)
नमस्कार मंडळी. आमच्या घरात डाळी, पिठे, मसाले, लोणची आणि पाणी यांपैकी बहुतेक सारे प्लास्टिकच्या डब्याबाटल्यांत असते. फ्रिजमध्ये पाण्यासाठी शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वापरतो, मुलांचा शाळेचा डबा प्लास्टिकचा आहे, आणि रात्री उरलेली आमटी ज्या डब्यात काढून ठेवतो त्याच डब्यात ती दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम होते. प्लास्टिकमुळे कर्करोग होतो, वंध्यत्व येते, असे संदेश रोज येतात. 'काही होत नाही, सगळे जग वापरते' असे म्हणणारेही घरातच आहेत. सगळे एकदम काढून काचेचे आणि स्टीलचे घेणे आम्हाला परवडणार नाही. म्हणून विचारायचे ते एवढेच, की आधी काय बदलावे, नंतर काय बदलावे आणि काय तसेच राहू दिले तरी चालेल? ज्याला आधार आहे असेच शक्यतो सांगावे, ही विनंती.

अनुस्वार (नाशिक)
डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, तो आधी पाहून घ्या. १, ३, ६ आणि ७ असेल तर काढून टाका. २, ४ आणि ५ असेल तर ठेवा. आमच्या घरी कित्येक वर्षे हाच नियम आहे.

साचेकाम (चाकण)
अनुस्वार, तुमचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण त्या आकड्याकडून आपण भलतीच अपेक्षा करतो आहोत असे मला वाटते. मी अन्नासाठीचे डबे आणि झाकणे बनवणाऱ्या मोल्डिंगच्या कारखान्यात काम करतो. हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने ठरवले, ते कचरा वेगळा करणाऱ्यांना कोणता माल कोणता हे कळावे म्हणून. १ म्हणजे पेट (पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांचे प्लास्टिक), २ म्हणजे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे एलडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेले सगळे. या उरलेल्यांत पॉलिकार्बोनेट येते, जे बिस्फेनॉल-ए म्हणजे बीपीएपासून बनते, आणि ज्यांत बीपीए अजिबात नसते अशी इतर प्लास्टिकेही येतात.

मूळ माल कोणता, एवढेच हा आकडा सांगतो. ज्यापासून डबा बनतो तो प्लास्टिकचा दाणा नवा होता की पुन्हा वितळवलेला, रंगासाठी कोणता मास्टरबॅच म्हणजे रंगाचे मिश्रण घातले, हे तो सांगत नाही. आमच्या धंद्यात व्हर्जिन दाणा आणि रिप्रोसेस दाणा यांच्या भावात मोठी तफावत असते, आणि आठवडी बाजारात 'कोणताही घ्या' भावाने मिळणारा गडद रंगाचा डबा बहुधा त्या तफावतीवरच उभा असतो. गडद रंग मुद्दाम सांगितला, कारण मिश्र भंगाराच्या दाण्यापासून पारदर्शक किंवा दुधी डबा होत नाही. त्याचा मळकटपणा काळ्या, तपकिरी, गडद निळ्या रंगातच झाकला जातो. तेव्हा रानजाईताई, आकड्याबरोबर 'फूड ग्रेड' हे शब्द किंवा पेला आणि काटा यांचे चिन्ह, उत्पादकाचे नाव आणि पत्ता आहे का, तेही पाहा. ज्यावर यांतले काहीच नाही तो डबा अन्नासाठी नाही असे धरून चालावे.

पळस (कोल्हापूर)
साचेकाम यांच्याशी मी सहमत आहे, आणि त्यात भर घालतो. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे. डबा कोणता, या प्रश्नाइतकाच त्यात काय ठेवले, किती गरम ठेवले आणि किती काळ ठेवले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्लास्टिकमधून काहीतरी अन्नात उतरते हे आपला कायदाही गृहीत धरतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांत त्यासाठी मर्यादा दिलेली आहे : एक किलो अन्नामागे एकूण ६० मिलिग्रॅम. ही मर्यादा उतरणाऱ्या सगळ्या पदार्थांची मिळून आहे. त्यांतल्या एखाद्याचा अल्पांशही घातक ठरू शकतो काय, हा वेगळा प्रश्न उरतो.

हे उतरणे कोणत्या वाटेने होते, ते आपल्या स्वयंपाकघरात डोळ्यांनी दिसते. दुधी रंगाच्या डब्यात रस्सा ठेवला, की तवंग जिथे टेकला होता नेमक्या त्या उंचीवर पिवळी-केशरी रेघ उमटते, आणि ती कितीही घासली तरी जात नाही. हळदीतले कर्क्युमिन तेलात विरघळते आणि तेलासोबत प्लास्टिकच्या आत शिरते. डाग नुसता पृष्ठभागावर असता तर घासणीने निघाला असता. डबा उन्हात ठेवल्यावर तो फिका होतो, कारण प्रकाशाने कर्क्युमिन मोडते. तेल ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने प्लास्टिकमधले सुटे, तेलात विरघळणारे रेणू बाहेर येतात, आणि अन्न गरम असले की ही ये-जा कितीतरी वेगाने होते. कोरड्या तुरीच्या डाळीच्या बाबतीत यांतले जवळजवळ काहीच घडत नाही. म्हणून ताई, तुमच्या यादीत गरम, तेलकट अन्न अगदी वर असावे आणि कोरडे धान्य अगदी खाली.

माजघर (सांगली)
पळससर, हळदीच्या रेघेचे हे कारण मला आजवर ठाऊक नव्हते. आमच्या कांद्या-लसणाच्या चटणीच्या डब्याचा वासही असाच वर्षानुवर्षे जात नाही.

घाटमाथा (सातारा)
वरचे विवेचन योग्य आहे, पण रानजाईताईंनी आधार मागितला आहे म्हणून दुसरी बाजूही मांडतो. प्लास्टिकविषयी फिरणाऱ्या संदेशांपैकी बराचसा भाग निखालस खोटा असतो. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली की डायॉक्सिन हे विषारी रसायन सुटते, हा संदेश जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नावाने इतका पसरला, की तिथले संशोधक रॉल्फ हाल्डेन यांना २००४ मध्ये त्याचे खंडन करावे लागले. डायॉक्सिन तयार व्हायला ज्वलनाची उष्णता लागते, आणि थंडीने तर रेणूंची हालचाल मंदावते.

उन्हात ठेवलेल्या बाटलीतले पाणी विषारी होते, या भीतीचेही तसेच. पेट बनवताना अँटिमनी हे मूलद्रव्य वापरतात आणि त्याचा अंश पाण्यात उतरतो, हे खरे. परंतु ॲरिझोनात याची मोजणी झाली आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अमेरिकेची लिटरमागे ६ मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडायला ६० अंश तापमानात १७६ दिवस लागले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर २० मायक्रोग्रॅम आहे. शिवाय जिथे पिण्याचे शुद्ध पाणी नाही तिथे पारदर्शक पेट बाटलीत पाणी भरून ती कडक उन्हात ६ तास ठेवायची आणि जंतू मारायचे, ही पद्धत स्वित्झर्लंडच्या जलसंशोधन संस्थेने विकसित केली आणि अनेक देशांत ती वापरात आली. गाडीत विसरलेली बाटली प्यायल्याने आभाळ कोसळत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

पळस (कोल्हापूर)
घाटमाथा, त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा ८५ अंशांचा आहे, आणि तिथे तीच मर्यादा १.३ दिवसांत ओलांडली गेली. म्हणजे २५ अंशांच्या फरकाने १७६ दिवसांचे काम दीड दिवसाच्या आत उरकले. पेट सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणूनच त्या बाटलीत कढत पाणी ओतले की ती आक्रसते. थंड पाण्यासाठी ती बाटली ठीक आहे. हिवाळ्यात त्याच बाटलीत गरम पाणी किंवा काढा भरून देणे थांबवले पाहिजे.

हिमगौरी (न्यू जर्सी)
रासायनिक द्रव्यांच्या जोडीला आता सूक्ष्म कणांचाही विचार करावा लागतो, आणि जुन्या चाचण्यांत ते मोजलेच जात नसत. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २,४०,००० च्या आसपास प्लास्टिककण मोजले, आणि त्यांतले सुमारे ९० टक्के नॅनोकण, म्हणजे सूक्ष्मकणांहूनही कितीतरी लहान कण होते. मायक्रोवेव्हबाबत नेब्रास्का विद्यापीठाने २०२३ मध्ये केलेले काम तर मला फारच अस्वस्थ करून गेले : काही डब्यांच्या अवघ्या एका चौरस सेंटिमीटरमधून तीन मिनिटांत ४० लाखांहून जास्त सूक्ष्मकण आणि २ अब्जांहून जास्त नॅनोकण सुटले. 'मायक्रोवेव्ह सेफ' या शब्दांचा अर्थ डबा वाकणार-वितळणार नाही असा घ्यावा; त्यातून कण सुटणार नाहीत असा घेऊ नये.

आमच्याकडे आठवड्याचा स्वयंपाक एकदम करून ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. मी काचेचे डबे घेतले आणि त्यांची झाकणे प्लास्टिकची असली तरी गरम करताना ती काढून वर काचेची ताटली ठेवते. तेवढ्या एका बदलाने सर्वांत धोक्याची पायरी टळते.

घाटमाथा (सातारा)
कणांची संख्या ऐकून भीती वाटते, पण त्यांनी शरीरात काय केले हे त्या संख्येवरून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या अहवालात पिण्याच्या पाण्यातल्या सूक्ष्म प्लास्टिकमुळे आरोग्याला धोका आहे असे म्हणण्याइतका पुरावा हाती नाही, असेच नोंदवले होते.

हिमगौरी (न्यू जर्सी)
त्यानंतरचे एक काम लक्षात घेण्याजोगे आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी मानेतल्या रक्तवाहिन्यांतून शस्त्रक्रियेने काढलेले चरबीचे थर तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांच्या थरांत पॉलिएथिलीन हे प्लास्टिक आढळले. आणि ज्यांच्यात प्लास्टिक आढळले त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या साडेचार पट होता. हे २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाले. यातून प्लास्टिकनेच तो धोका वाढवला हे सिद्ध होत नाही आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. मात्र पुरावा पूर्ण होईपर्यंत मुलांना मायक्रोवेव्हमधल्या प्लास्टिकच्या डब्यातून जेवू घालावे, हे मला पटत नाही. जिथे बदल स्वस्त आणि सोपा आहे तिथे थांबायचे कशासाठी?

चैत्रपालवी (पुणे)
मी बालरोग विभागात काम करते, म्हणून फक्त लहान मुलांविषयी लिहिते. रानजाईताईंच्या घरात तान्हे मूल नसले तरी हा धागा वाचणाऱ्या अनेक घरांत असेल.

पूर्वी दुधाच्या पारदर्शक, कडक बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या असत आणि त्यांतून बीपीए उतरत असे. हा पदार्थ शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा वागतो हे १९३० च्या दशकातच ठाऊक होते. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांसाठी त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०१५ च्या मानकात तो वगळला. त्यानंतर बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या आल्या आणि सगळ्यांना हायसे वाटले. मग २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवले, की याच पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांत दूध नेहमीच्या रीतीने गरम पाण्यात तयार केले, तर लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत सूक्ष्मकण सुटतात, आणि पाणी जितके गरम तितके कण जास्त.

त्यांनी सुचवलेला उपाय आपल्या घरांत सहज करता येतो. पावडरचे दूध स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात गरम पाण्यात कालवावे, कोमट होऊ द्यावे आणि मगच बाटलीत भरावे; निर्जंतुक केलेली बाटली स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळून घ्यावी. दूध पुन्हा गरम करायचे झाले तर बाटलीसकट करू नये, आणि बाटली हलवत बसू नये. वरचे दूध द्यावेच लागत असेल तर आम्ही प्रत्येक आईला स्टीलची वाटी आणि चमचा वापरायला सांगतो, कारण त्यात प्लास्टिकचा प्रश्न उरत नाही आणि बाटलीच्या बुचात साचणाऱ्या जंतूंचाही उरत नाही.

अनुस्वार (नाशिक)
मग 'बीपीए-मुक्त' लिहिलेली शाळेची बाटली घेतली की काम झाले, असे मानावे का?

चैत्रपालवी (पुणे)
पूर्णपणे नाही. काही उत्पादनांत बीपीएच्या जागी त्याचीच भावंडे म्हणावीत अशी बीपीएस आणि बीपीएफ ही द्रव्ये आली, आणि त्यांचे वागणेही बरेचसे तसेच असल्याचे दिसते. किती प्रमाण निर्धोक मानावे यावरही एकमत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पटींनी खाली. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने ते मान्य केले नाही आणि त्याच्या हजारपट वरची मर्यादा सुचवली. तरीही २०२४ च्या डिसेंबरमध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंतून बीपीए काढण्याचा निर्णय घेतलाच. दोन जाणत्या संस्थांत हजार पटींचे अंतर असताना मी आईबापांना एवढेच सांगते, की मुलाची बाटली स्टीलची घ्या.

उंबरठा (नागपूर)
काळ्या प्लास्टिकच्या डब्यांविषयी कोणी लिहिले नाही. हॉटेलातून जेवण मागवले की ते काळ्या डब्यांत येते, आणि आमच्याकडे ते धुऊन पुन्हा वापरले जातात. त्यांत जुन्या टीव्ही-संगणकांचे प्लास्टिक मिसळलेले असते आणि आगरोधक रसायने जवळजवळ मर्यादेइतकी पोटात जातात, अशी बातमी मी २०२४ मध्ये वाचली होती.

साचेकाम (चाकण)
उंबरठा, त्या बातमीमागच्या अभ्यासात गुणाकाराची चूक होती आणि ती पुढे दुरुस्त करण्यात आली. वजनाच्या किलोमागे ७,००० नॅनोग्रॅम ही मर्यादा ६० किलोच्या माणसासाठी ४,२०,००० होते. तिथे ती ४२,००० धरली गेली होती. त्यामुळे दिवसाला अंदाजे ३४,७०० नॅनोग्रॅम हा आकडा मर्यादेच्या अगदी जवळ वाटला, प्रत्यक्षात तो तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होता. मात्र काळ्या रंगाच्या काही वस्तूंत ती रसायने सापडली, हे निरीक्षण चुकीचे ठरलेले नाही. अन्नाच्या डब्यात त्यांना जागाच नसावी. हॉटेलचा डबा एकदाच वापरण्याच्या हिशेबाने पातळ केलेला असतो. आलेले जेवण घरच्या भांड्यात काढून घ्या आणि तो डबा खिळे, बटणे, दोरे ठेवायला वापरा.

वाफाळ (सोलापूर)
डब्यांपेक्षाही वाईट गोष्ट रोज आपल्या हातात असते, ती म्हणजे पार्सलचा चहा. टपरीवरून कार्यालयात चहा येतो तो उकळत्या किटलीतून थेट पातळ पिशवीत ओतून, तोंडाला गाठ मारून. पिशवी बोटांना चटका देते इतकी गरम असते, आणि चहात दुधाची चरबी असते. सांबार आणि मटणाचा रस्साही तसाच येतो. पळससरांनी सांगितलेल्या गरम आणि तेलकट या दोन्ही गोष्टी इथे एकत्र आहेत, आणि पिशवी कोणत्या दाण्याची हे तर टपरीवाल्यालाही ठाऊक नसते.

कागदी कपात चहा घेतला की आपण सुटलो असे वाटते, तेही खरे नाही. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात गरम द्रव त्यात १५ मिनिटे राहिला तेव्हा १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्मकण उतरले. आमच्या कार्यालयात आम्ही प्रत्येकाचा पेला आणि चहासाठी स्टीलची किटली ठेवली. टपरीवाल्या काकांनीच ती रोज धुऊन भरून देण्याचे कबूल केले. त्यांचा पिशव्यांचा खर्चही वाचला.

माजघर (सांगली)
लोणच्याबद्दल थोडेसे. तेल, मीठ आणि आंबटपणा वर्षभर एकाच भांड्यात राहतो, म्हणून लोणचे काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीतच घालावे. प्लास्टिक सोडायचे म्हणून कोणी ते स्टीलच्या डब्यात भरले तर मिठाने आणि आंबटाने स्टीललाही खड्डे पडतात. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवावे. ताक, लिंबूसरबत, कोकम ठेवू नये, कारण आंबटाने तांबे उतरते आणि मळमळते. पितळी पातेले कल्हईशिवाय वापरू नये. आपल्या आज्यांना हे नियम पक्के माहीत होते. प्लास्टिक आल्यावर कोणत्या भांड्यात काय ठेवायचे हा विचारच मागे पडला.

कोरडवाहू (धाराशिव)
आतापर्यंतची चर्चा मी लक्षपूर्वक वाचली आणि तिचा उपयोगही होईल. परंतु आमच्याकडच्या प्लास्टिकचा प्रश्न निराळा आहे आणि तो कोणी तरी मांडला पाहिजे म्हणून लिहितो. उन्हाळ्यात टँकर आला, की गावात प्रत्येक दारासमोर निळे ड्रम रांगेने लागलेले दिसतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा त्या ड्रमांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. त्या ड्रमात आधी काय होते, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. ते बहुतांशी कारखान्यांतून भंगारात आलेले असतात. २०० लिटरचा नवा ड्रम महाग पडतो, म्हणून जुना घेतला जातो. विकणारा सांगतो की 'यात साबणाचा माल होता', आणि तो खरे सांगतो की नाही हे कळायला मार्ग नसतो. काहींवर अर्धवट खरवडलेले लेबल असते, त्यावर चौकटीतले धोक्याचे चिन्ह अजून ओळखू येते. झाकणाखालच्या आट्यांत नखाने खरवडले की चिकट थर निघतो. माणसे तो निरमा आणि माती लावून धुतात, दोन दिवस उन्हात उलटा ठेवतात, आणि त्यातले पाणी पुढे आठ-दहा दिवस पुरवून पितात.

फवारणीच्या औषधांच्या कॅनचेही तसेच. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये रिकामी डबडी फोडून वस्तीपासून दूर पुरायची तरतूद आहे, ती नेमकी पुन्हा वापर होऊ नये म्हणून. प्रत्यक्षात पाच लिटरचा मजबूत कॅन फेकवत नाही आणि तो शेतावर पाणी न्यायला वापरला जातो. शहरातल्या मंडळींना बीपीएचे नॅनोग्रॅम मोजता येतात याचा मला आनंद आहे; आमच्या बायाबापड्यांना ड्रममध्ये आधी ॲसिड होते की औषध, एवढे तरी कळले पाहिजे. माझा साचेकाम यांना थेट प्रश्न आहे : असा ड्रम कोणत्याही उपायाने पिण्याच्या पाण्याजोगा करता येतो का?

साचेकाम (चाकण)
कोरडवाहूदादा, नाही येत. तो ड्रम एचडीपीईचा असतो आणि पळससरांनी सांगितलेली हळदीची गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होते. सॉल्व्हंट आणि कीटकनाशके त्या भिंतीत मुरतात. धुण्याने पृष्ठभाग स्वच्छ होतो, आत मुरलेले पुढे कित्येक महिने हळूहळू पाण्यात उतरत राहते, आणि ऊन लागले की जास्त उतरते. झाकण लावून रात्रभर ठेवलेल्या ड्रममध्ये सकाळी वास आला तर तो नक्कीच बाद समजावा. परंतु वास आला नाही म्हणून तो निर्धोक ठरत नाही, कारण अनेक कीटकनाशकांचा वास आपल्याला येतच नाही. तो गुरांच्या पाण्यालाही वापरू नये.

खाद्यतेल, द्रवरूप ग्लुकोज किंवा फळांचा गर यांचे ड्रमही भंगारात येतात आणि ते अन्नासाठीच बनवलेले असतात. ते घ्यायचे झाल्यास ज्या कारखान्यात तो माल वापरला गेला तिथूनच, मूळ लेबल शाबूत असलेले घ्यावेत. आणखी चांगला मार्ग म्हणजे चार-पाच घरांनी मिळून आयएस १२७०१ हे मानक आणि आयएसआय चिन्ह असलेली पाण्याची टाकी घ्यावी. तीही ड्रमसारखीच पॉलिएथिलीन जातीच्या प्लास्टिकची असते, पण पाण्यासाठीच बनवलेली असते.

चैत्रपालवी (पुणे)
कोरडवाहूदादांनी मांडलेला मुद्दा मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला एक जोड देते. साठवलेल्या पाण्याने माणूस आठवड्याभरात आजारी पडतो तो बहुतेक वेळा जंतूंमुळे. रुंद तोंडाच्या ड्रममध्ये प्रत्येक जण तांब्या बुडवतो आणि बोटांवरची घाण पाण्यात जाते. पिण्याचे पाणी वेगळ्या, अरुंद तोंडाच्या आणि खाली तोटी असलेल्या भांड्यात ठेवावे. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे आणि आशाताईंकडून क्लोरीनचे औषध घेऊन पाण्यात घालावे. ड्रमला घट्ट झाकण हवेच, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्य विभाग सांगतो. जिथे टँकरच दहा दिवसांनी येतो तिथे भांडे रिकामे करणे शक्य नसते, म्हणून निदान झाकणाखाली जुन्या लुगड्याचे कापड ताणून बांधावे.

घाटमाथा (सातारा)
या दोन्ही प्रतिसादांशी मी पूर्ण सहमत आहे. खोट्या संदेशांचा मला राग येतो तो यासाठीच, की फ्रीझरमधल्या बाटलीची भीती घरोघरी पोहोचते आणि औषधाच्या कॅनची पोहोचत नाही.

रानजाई (ठाणे)
सर्वांची मनापासून आभारी आहे. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक कालपासून बंद केले आहे आणि त्यासाठी काचेचे दोन डबे घेतले. मुलांचा डबा आणि बाटली या महिन्यात स्टीलची येईल. लोणचे बरणीत जाईल. डाळी-तांदळाचे डबे आहेत तसेच राहतील, त्यामुळे सासूबाईंचाही विरोध उरलेला नाही. एक शंका राहिली आहे : आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात २० लिटरचे निळसर, कडक जार येतात. ते जुने होऊन आतून धूसर झालेले असतात. ते घ्यावेत का?

पळस (कोल्हापूर)
ताई, निळसर आणि कडक जार बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो, आणि धूसरपणा म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून आणि तीव्र क्षाराने धुऊन झिजल्याची खूण आहे. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत १९९८ मध्ये पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि बाटल्या चुकून तीव्र क्षारयुक्त द्रवाने धुतल्या गेल्या, आणि त्यातून उतरलेल्या बीपीएमुळे उंदरांच्या माद्यांच्या अंडपेशींत दोष दिसू लागले. धूसर किंवा ओरखडे पडलेला जार परत करा आणि स्वच्छ, पेटचा, सीलबंद व मानकचिन्ह असलेला मागा. पुरवठादार देत नसेल तर घरचे पाणी उकळून माठात ठेवलेले केव्हाही चांगले.

कोरडवाहू (धाराशिव)
साचेकाम आणि चैत्रपालवीताई, तुम्ही दिलेली माहिती एका पानावर लिहून काढली आहे आणि १ मेच्या ग्रामसभेत ड्रमचा विषय मांडायचे ठरवले आहे. भंगारवाल्याने ड्रममध्ये आधी काय होते हे पावतीवर लिहून द्यावे, असा ठराव करण्याचा विचार आहे. लातूर, बार्शी किंवा सोलापूर भागात खाद्यतेलाचे लेबलसह ड्रम देणारा कारखाना कोणाच्या माहितीत असेल तर कृपया या धाग्यावरच कळवावे.

वाफाळ (सोलापूर)
आमच्याकडच्या औद्योगिक वसाहतीत खाद्यतेलाची दोन गोदामे आहेत. सोमवारी स्वतः जाऊन विचारतो आणि भाव काय ते इथे लिहितो.